पिवळी ओळ

माझ्या नवऱ्याला रंगांचं भारी वेड. कपड्यांत नाही हां, तिथे सगळा आनंदीआनंदच आहे; कॉम्प्युटरकडून कामं करून घ्यायला तो ज्या स्क्रिप्ट लिहितो, त्यांत. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं उमटली तर त्याला जेवण अळणी झाल्यासारखं वाटतं. काम झालं की हिरवं, बिघडलं की लाल.

सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने अशीच एक स्क्रिप्ट लिहिली. बाबांनी जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारले. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज आता कायमचा जाणार होता. बाबा माझ्या नणंदेकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे राहायचे. ताई रोज त्यांना रेकॉर्डरसमोर बसवून बोलतं करायच्या. मग रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचा, स्क्रिप्ट चालवायची, आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरला की रेकॉर्डर पुसून उद्यासाठी रिकामा करायचा.

"लाल अक्षरं तेवढी नकोत रे," ताई त्याला फोनवर म्हणाल्या होत्या. "लाल दिसलं की माझ्या तोंडचं पाणीच पळतं."

म्हणून ह्याने बहिणीच्या काळजीपोटी धोक्याची ओळ पिवळी केली. मला हाक मारून दाखवली. "बघ, कशी उठून दिसते!" मी भाजी ढवळता ढवळता "छान" म्हटलं. त्याच्या काळ्या पडद्यावर ती खरंच छान दिसत होती.

ताईंचा पडदा पांढरा होता. काळ्यावर वाचलं की त्यांचे डोळे दुखतात, म्हणून त्यांनी तो कधीच बदलून घेतला होता. ह्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाबा म्हणाले, "आज धाकट्यासाठी बोलतो." धाकटा म्हणजे माझा नवरा. बाजाराकडे पाठ फिरवून तो कॉम्प्युटरच्या मागे लागला तेव्हापासून बापलेकांचं बोलणं हवापाण्यापुरतंच उरलं होतं. त्या दिवशी बाबा बराच वेळ बोलले. नंतर ताईंनी स्क्रिप्ट चालवली. शेवटी हिरवी अक्षरं आली: काम संपलं. ताईंनी रेकॉर्डर पुसला.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा घरी आले तसे आम्ही भेटायला गेलो आणि नवरा ताईंच्या कॉम्प्युटरवर आपल्यासाठीचा आवाज शोधायला बसला. तो सापडेना. स्क्रिप्टची खिडकी ताईंनी बंदच केली नव्हती. हिरवी ओळ काय, स्क्रिप्ट संपली की येतेच; पण तिच्या वर एक ओळ कोरी दिसत होती. ह्याने त्या कोऱ्या जागेवरून माउस ओढला. जागा निळी झाली आणि तिच्यात पिवळी अक्षरं दिसू लागली: "डिस्कवर जागा नाही. शेवटचा आवाज उतरलेला नाही. रेकॉर्डर पुसू नका."

मला वाटलं ताई रडतील. रडला तो.

"काय म्हणाले गं बाबा?" त्याने विचारलं. "थोडं तरी सांग."

"अरे, रेकॉर्ड होतंय म्हणून मी चहा टाकायला उठले," ताई म्हणाल्या. "परत आले तर त्यांचं बोलून झालं होतं. डोळे पुसत होते."

मला ताईंचा राग आला, मग त्याचा आला, मग माझ्या त्या "छान"चाही आला. कुणावरच तो टिकला नाही.

नवरा कागद-पेन्सिल घेऊन बाबांच्या पलंगाशी बसला. "बाबा, लिहून द्या ना. जमेल तेवढंच."

बाबांनी पेन्सिल धरली. कागदाकडे खूप वेळ बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मग शेजारच्या टेबलावर बोटांनी ठोकलं. एक वार, दोन वार, तीन वार. सौदा पक्का झाला की बाजारात ते असंच ठोकायचे आणि त्यानंतर कुणाची बोली घ्यायचे नाहीत. ठोकून झाल्यावर तोच हात त्यांनी ह्याच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

घरी आल्यावर नवऱ्याने स्क्रिप्टमधले सगळे रंग काढून टाकले.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला, आणि एकेक ओळ वाचून बघत बसला. उतरवायला आता काहीच उरलं नव्हतं.