चौकशीबाईंची साक्ष

"फक्त हो किंवा नाही, एवढंच सांगा," उलटतपासणी घेणारी मुलगी म्हणाली. आम्ही तिला आगगाडी म्हणतो.

"हो," आई म्हणाली, आणि श्वास घेऊन पुढे, "पण त्याचं काय झालं माहितीय का, त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं म्हणून मी खाली उतरले. नाहीतर मी कशाला उतरतेय, माझे गुडघे..."

"मावशी, हो की नाही?"

"अगं, हो म्हटलं ना! आता कसं हो, ते नको कळायला?"

सभागृहात हशा पिकला. न्यायाधीश म्हणून बोलावलेल्या वयस्कर वकिलांनीही तोंडावर रुमाल धरला. तेवढ्यात घंटा वाजली. वेळ संपली होती. आगगाडीचे निम्मे प्रश्न हातातल्या कागदावरच राहिले आणि चषक दुसऱ्या कॉलेजकडे गेला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. लॉ कॉलेजात खटला चालवण्याचे शिक्षण देतात आणि वर्षाच्या शेवटी त्याची स्पर्धा असते. वकील विद्यार्थी, खटला खोटा. साक्षीदार मात्र बाहेरून बोलावतात, कारण मित्रमैत्रिणींची उलटतपासणी घेऊन कुणी तयार होत नाही. साक्षीदाराला आधी एक लिहिलेली जबानी देतात. तिच्याबाहेरचे बोलायचे नाही, हा नियम. आईने तो पहिल्या वर्षी पाळला असावा. पुढच्या वर्षांबद्दल तसे म्हणता येणार नाही.

नोकरीभर ती बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसली. सगळे तिला चौकशीबाई म्हणत. गाडी आहे का, असे कुणी विचारले तर नुसते 'आहे' म्हणणे तिला अपुरे वाटायचे. कुठे लागते, उशीर किती होतो, ऊन कुठल्या बाजूला येते, सगळे सांगायची. लग्नाला 'हो' म्हणायलाही तिने पाऊण तास घेतला, असे बाबा सांगतात. लॉ कॉलेजातले सर रोज तिच्या स्थानकावरून जायचे. ती निवृत्त झाल्याच्या आठवड्यात ते घरी आले. "बाई, तुम्हाला आवरेल तो जगातल्या कुठल्याही साक्षीदाराला आवरेल," ते म्हणाले. आईला हे कौतुक वाटले. ते कौतुकच होते.

साक्षीदाराची खुर्ची लाकडी आणि कडक. आईने जुन्या गणवेशाच्या निळ्या कापडाची उशी शिवली आणि ती कॉलेजातच ठेवून दिली.

हरलेल्या दिवशी आगगाडी जिन्यात बसून रडत होती. हे नाव आईनेच पाडलेले, तिच्या बोलण्याच्या वेगावरून. आई गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसली.

"रविवारी घरी ये. मला गप्प कसं करायचं ते शिकवते. माझ्या नवऱ्याला अजून जमलेलं नाही."

मग प्रत्येक रविवारी आमच्या स्वयंपाकघरात खटला उभा राहायला लागला. आई मटार सोलायची, आगगाडी उलटतपासणी घ्यायची. मी शेजारच्या खोलीत काम करत बसायचे. माझे काम मुद्रितशोधनाचे आणि मजकुराच्या काटछाटीचे. शब्द कमी करण्याचा पगार घेते, असे आई म्हणायची.

"तू तोडतेस म्हणून मी बोलते," एकदा आई तिला सांगत होती. "खिडकीवर माणूस यायचा तो घाबरलेला. सासऱ्यांचं आजारपण, हरवलेली पिशवी, सगळं सांगायचा. मधे तोडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी आपली ऐकून घ्यायची. मग विचारायची, 'झालं? आता सांगा, कुठं जायचंय?' एका शब्दात सांगायचा!"

"मावशी, पण इथे घंटा असते."

"बसलाही वेळ असतोच की गं."

"मला नाही एवढा धीर."

"मग मटार सोल. त्यानं येतो."

थंडीत आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. त्यानंतरच्या रविवारी आगगाडी नेहमीच्या वेळी आली, बाबांच्या समोर शेंगांची टोपली घेऊन बसली आणि जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

स्पर्धा जवळ आली तसा सरांचा फोन आला. यंदाच्या अंतिम फेरीत मी साक्षीदार व्हावे, असे त्यांना वाटत होते.

"सर, मला हो आणि नाही याच्या पलीकडे काही सुचत नाही."

"जा तू," बाबा पेपरामागून म्हणाले. "आईचा अर्धा आवाज तुझ्याकडे आहे. वापरलेला नाहीस इतकंच."

आदल्या दिवशी आगगाडी दारात उभी. यंदाही ती अंतिम फेरीत पोचली होती. तिचे हे शेवटचे वर्ष.

"ताई, उद्या मला सोपं करून देऊ नका."

"मी कशाला देईन?"

"तुमचा स्वभावच सोपा आहे. विचारलं तेवढंच सांगता. तसं जिंकले तर ते जिंकणं माझं नाही. मला मावशींना जिंकायचं होतं."

मी बरे म्हटले.

खटला अपघाताचा होता. चौकात व्हॅनने सायकलवाल्याला उडवलेले. मी चौकातल्या दुकानातली शिंपीण, सायकलवाल्याची साक्षीदार. सिग्नल लाल असताना व्हॅन पुढे आली, ही माझी जबानी. आगगाडी व्हॅनवाल्याची वकील. मी निळ्या उशीवर बसले. ती एका कडेला जास्त दबलेली होती.

"तुमचं दुकान चौकातच आहे?"

"हो."

"तेव्हा तुम्ही दुकानात होता?"

"हो."

आगगाडीचा चेहरा पडला. पहिल्या रांगेत सरांनी कपाळाला हात लावला. बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"सुईत दोरा ओवत होता?"

"हो," मी म्हणाले. "पण..."

तो 'पण' बाहेर पडला आणि त्याच्या मागून बाकीचे सगळे आले. "पण दोरा ओवणं म्हणजे काय असतं, माहितीय का तुम्हाला? टोक आधी ओलं करायचं. चष्मा कपाळावर चढवायचा, एक डोळा मिटायचा. माझ्या आईला कधी जमलं नाही. ती ओवताना बोलायची, मग हात हलायचा. शेवटी सुई माझ्याकडे द्यायची. म्हणायची, तुझं तोंड बंद असतं, तुला जमेल..."

न्यायाधीश पुढे झुकले. "साक्षीदारबाई, हे जबानीत आहे?" जबानीत फक्त सुई आणि चष्मा होता. त्यांनी आगगाडीकडे पाहिले. "तुमची हरकत असेल तर थांबवतो. वेळ तुमचा जातोय."

घड्याळ तिच्या समोरच होते. गेल्या वर्षी ती इथेच बुडाली होती. तिने कागद टेबलावर पालथे ठेवले.

"हरकत नाही, साहेब. बोलू द्या त्यांना."

मी बोलत राहिले. ओवलेल्या सुया आई पडद्याला टोचून ठेवायची, लांब दोरा सोडून, मी घरी नसेन तेव्हासाठी. पडदा धुताना त्या काढायच्या राहायच्या आणि बाबा ओरडायचे. त्यातल्या दोन अजून तिथेच आहेत. मग शब्द संपले.

आगगाडी माझ्यासमोर आली. कठड्यावर हात टेकला.

"झालं?"

"झालं."

"आता सांगा. चष्मा कपाळावर होता?"

"हो."

"नजर सुईवर होती?"

"हो."

"धडकेचा आवाज आला आणि मग वर पाहिलंत?"

"हो."

"म्हणजे व्हॅन पुढे आली तेव्हा सिग्नल कुठला होता, ते तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही."

ती जागेवर जाऊन बसली. मग घंटा वाजली.

चषक आगगाडीला मिळाला. ऐकून घेणारा वकील फार दिवसांनी पाहिला, असे न्यायाधीश म्हणाले. निकाल पुरता वाचून व्हायच्या आधीच बाबांनी टाळ्या सुरू केल्या. आगगाडी मला बिलगली आणि तिच्या मूळ वेगाने काहीतरी बोलली. मला त्यातले 'मावशी' तेवढे कळले.

"पहिल्याच वर्षी जबानी सोडलीत," सर म्हणाले. "बाईंना निदान दुसऱ्या वर्षापर्यंत दम निघाला होता."

सभागृह रिकामे झाले. शिपाईमामा खुर्च्या आवरत होते.

"ताई, ही उशी घरी नेताय ना? बाईंची आहे."

मी ती उचलली. एका कोपऱ्यात शिवण उसवली होती. बाहेर आलेला कापूस बोटाने आत सारला आणि उशी पुन्हा खुर्चीवर ठेवली, दबलेली कड होती त्याच बाजूला.

"राहू दे, मामा. पुढच्या वर्षी लागेल."

त्यांनी बाकीच्या खुर्च्या एकावर एक रचल्या. ती मात्र भिंतीशी वेगळी ठेवली.