टाइमकीपरचे आभार

"आणि शेवटी," बौद्धाचार्य म्हणाले, तशा विहारातल्या साठ-सत्तर माणसांनी माना खाली घातल्या. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

"शेवटी मी आपल्या टाइमकीपरसाहेबांचे आभार मानतो. आग लागली त्या दिवशी त्यांनी हजेरीपट सुखरूप बाहेर आणला. माझी मुलगी कामावर हजर होती, हे आम्हाला त्यामुळेच नक्की समजलं. मी त्यांचा कृतज्ञ आहे."

वाक्य नेहमीसारखंच हात जोडून, संथ आवाजात म्हटलं गेलं. फरक एवढाच होता की पुढच्या रांगेतली डावीकडची खुर्ची आज रिकामी होती. गेल्या बेचाळीस रविवारांत असं एकदाही झालं नव्हतं. रिकाम्या खुर्चीचे आभार मानून आचार्य खाली बसले आणि त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पळाला म्हणजे शेवटी.

आग लागली तो शर्ट शिवायचा कारखाना बंद पडून आता वर्ष होत आलं होतं. तीनशे माणसं घरी बसली होती. त्यातली बरीचशी रविवारी सकाळी विहारात येऊन बसत. काही श्रद्धेपोटी, काही इथले पंखे चांगले चालतात म्हणून. वाईट काळात श्रद्धा कशी टिकवावी आणि कृतज्ञता कशी जोपासावी, यावर आचार्य अर्धा तास सहज बोलत. जे गेलं त्याकडे पाहू नका, जे उरलं त्याला हात जोडा, असं सांगत. लोकांना बरं वाटे. बोलणाऱ्याला स्वतःला त्यातलं काही लागू पडत नव्हतं, हे विहारात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते म्हणजे आचार्य स्वतः.

टाइमकीपरचं काम साधं होतं. सकाळी हजेरी घ्यायची आणि सव्वाआठला मागच्या दाराला कुलूप लावायचं, कारण उशीर झालेल्या पोरी तिकडून गुपचूप आत घुसत. किल्ली त्याच्या पँटच्या खिशात असे. मधल्या भागात इस्त्रीची टेबलं होती, आग तिथं लागली. पुढचे सगळे पुढच्या दाराने बाहेर पडले. मागे काजं करणाऱ्या आठ मुली होत्या. टाइमकीपर हजेरीपट छातीशी धरून बाहेर आला, रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि सवयीने नावं पुकारायला लागला. आठ नावांना कोणी 'हजर' म्हणेना, तेव्हा त्याला किल्ली आठवली. तो वळसा घालून मागे धावला, तोवर कुलूप हात लावू देत नव्हतं. उजवा तळवा भाजून घेऊन तो परत आला.

आचार्यांची लेक त्या दिवशी घरून उशिरा निघाली होती. त्यामुळे आई-बाप दोन तास आशेवर होते. तिला आत घेतलंच नसेल, कुठेतरी मैत्रिणीकडे बसली असेल. मग पोलिसांनी हजेरीपट उघडला. तिच्या नावापुढे शाईने बरोबरची खूण होती, स्वच्छ आणि ठसठशीत.

चौकशी झाली. कुलपाचा हुकूम मालकाचा होता, असं ठरलं. मालक परगावी निघून गेला आणि टाइमकीपर निर्दोष सुटला. सुटल्यावर पहिल्याच रविवारी तो विहारात येऊन पुढच्या रांगेत बसला. आचार्यांनी त्याला पाहिलं, आणि प्रवचन संपता संपता ते आभाराचं वाक्य आपोआप त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. टाइमकीपरचा चेहरा पांढराफटक पडलेला त्यांनी डोळे भरून पाहिला. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी त्यांना जेवण गोड लागलं.

पुढे मग दर रविवारी. शिवी दिली असती तर विहाराच्या कमिटीने हात धरला असता. आभाराला कोण आणि कशी हरकत घेणार? सगळे मूग गिळून बसत. एकट्या आचार्यांच्या बायकोने दुसऱ्या रविवारनंतर विहारात येणं सोडलं. "तुमचं ते आभाराचं प्रकरण आटपलं की सांगा," ती म्हणाली, "मग येईन मी."

तर त्या रविवारी लोक पांगले. आचार्य चटया गुंडाळत होते, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. चालत आल्याने तिला धाप लागली होती.

"आचार्य, मी टाइमकीपरची बायको."

"ओळखलं. साहेब आज दिसले नाहीत."

"अंथरुणाला खिळलेत. पोटात गाठ होती, ती पसरली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या आता. दोन दिवस, फार तर चार."

आचार्यांना वाईट वाटलं ते एवढंच, की रविवार कमी पडले. ते चटई गुंडाळत राहिले.

"आज सकाळी मला म्हणाले, दाढी करून दे, विहारात जायचंय. उभं करायला गेले तर पाय धरेनात. ओक्साबोक्शी रडले हो. तुमचं बोलणं हुकलं म्हणून."

आचार्यांचे हात थांबले. "माझं बोलणं?"

"ते आभाराचं." बाईने पदराने तोंड पुसलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, जाऊ नका तिथं, तो माणूस तुम्हाला चारचौघांत सोलून काढतो. तर म्हणायचे, मला तिथंच बरं वाटतं. घरी मी, माझा भाऊ, तो चौकशीवाला साहेब, झाडून सगळे त्यांना एकच सांगतो, तुमचा दोष नाही. तर माझ्यावर खेकसतात. म्हणतात, तुम्ही सगळे खोटं बोलता, खरं बोलणारा एकच माणूस आहे या गावात."

आचार्य चटईवरच खाली बसले. बेचाळीस रविवार ते या माणसाला डागण्या देत होते, आणि तो माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या डागण्या घ्यायला वेळेवर येत होता. सूड म्हणून जे काही केलं, ते सगळं त्याच्या पथ्यावर पडलं होतं. फसवलं गेल्याचा एवढा संताप त्यांना आगीच्या दिवशीसुद्धा आला नव्हता.

"एक करा," बाई म्हणाली. तिने हात जोडले. "घरी या. आणि त्यांना सांगा, तुमचा दोष नाही म्हणून. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. शांत मनानं जाऊ द्या त्यांना. तुमच्या पाया पडते."

आचार्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आपण काय मागतोय हे तिला कळत नव्हतं. त्यांना मात्र लख्ख कळलं. त्या माणसापाशी जे एकुलतं एक उरलं होतं, ते काढून घ्यायची वाट तिने आपण होऊन दाखवली होती. वर गाव म्हणणार, केवढं मोठं मन.

"येतो," ते म्हणाले. "आत्ताच येतो."

विहाराला लागूनच त्यांचं घर. चपला घालायला ते आत गेले, तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"कुठं निघालात?"

"टाइमकीपरकडे. शेवटचं आहे त्याचं. क्षमा करून येतो."

बायकोने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तोंडावर तर तसलं काही दिसत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

टाइमकीपरची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लोखंडी पलंग, औषधांनी भरलेलं स्टूल, भिंतीशी घडी घालून ठेवलेलं शिलाई मशिन. त्याच्या बायकोने स्टूल रिकामं करून आचार्यांना बसायला दिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. टाइमकीपर उशीला टेकून बसला होता. अंगावर विहारात घालायचा शर्ट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आचार्यांना पाहताच त्याने केसांवरून हात फिरवला.

"आज गैरहजर राहिलो," तो म्हणाला. "उठताच आलं नाही."

"समजलं मला."

"इथं म्हणाल का ते? लोक नाहीत, पण चालेल मला. तुम्ही आपलं म्हणा." आणि तो मान खाली घालून तयार झाला.

आचार्यांनी घसा साफ केला. मरणाऱ्याच्या उशाशी कसं बोलावं, याचा त्यांना वीस वर्षांचा सराव होता. त्यांनी टाइमकीपरच्या हातावर हात ठेवला आणि ठेवणीतल्या मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा काही दोष नाही हो. हुकूम मालकाचा होता. तुम्ही तरी काय करणार होता?"

दारात उभ्या असलेल्या बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने तोंडात पदर कोंबून हुंदका दाबला. टाइमकीपरने मात्र मान वर केली आणि तो आचार्यांकडे बघतच राहिला. औषध म्हणून पेला तोंडाला लावावा आणि आत नुसतं पाणी निघावं, तसा त्याचा चेहरा झाला.

"हिनं सांगितलं ना असं बोलायला?"

"नाही. माझ्या मनातलंच आहे."

"मग आता मला खरं कोण सांगणार?" टाइमकीपर म्हणाला. तो हळूहळू कुशीवर वळला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

उट्टं निघालं होतं. आचार्य उठले. बायको त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," ती म्हणाली, आणि तिने वाकून नमस्कार केला. आचार्यांनी आशीर्वादाला हातही उचलला.

ते पहिला जिना उतरले आणि त्या दुपारच्या जेवणासारखं काहीतरी गोड वाटायची वाट बघू लागले. काही वाटलं नाही. दुसऱ्या जिन्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू यायला लागलं. तुमचा दोष नाही. मालक तर कधीच हात झटकून मोकळा झाला होता. चौकशीवाल्याने यालाही सोडलं. आणि आता बापानेही सोडलं, तेही आपल्या तोंडाने, साक्षीदारासमोर. म्हणजे लेकीला कोणीच मारलं नाही. ती आपली आपणच गेली. एका माणसावर सूड उगवायच्या नादात आपण पोरीलाच खोटं पाडून आलो, हे लक्षात आलं आणि त्यांनी कठडा घट्ट धरला.

मग ते उलटे फिरले आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले. बायको बाजूला व्हायच्या आत ते पलंगापाशी पोचले होते.

"इकडे वळा," ते म्हणाले. आवाज मऊ नव्हता. "मी खोटं बोललो. सव्वाआठला कुलूप तुम्ही लावलंत. किल्ली तुमच्या खिशात होती. तुम्ही हजेरीपट उचललात आणि किल्ली विसरलात. माझी मुलगी त्या दारापाशी सापडली. दोष तुमचा आहे. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. करणारही नाही."

"अहो, हे काय बोलताय?" बायको धावत आली. "मरणाऱ्या माणसाला—"

टाइमकीपरने भाजलेला तळवा वर करून तिला थांबवलं. तो वळला होता. "हो," तो म्हणाला. "माझाच." त्याने थोडा वेळ दम घेतला. "आणखी एक आहे. कोणाला सांगितलं नाही. हजेरीपटात ते नाही."

"काय?"

"ती उशिरा आली होती. दहा मिनिटं. कुलूप लागलेलं होतं. तिनं मागचं दार वाजवलं. मी किल्ली काढली, तिला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. लेटमार्क दिला नाही. नियमानं वागलो असतो तर बाहेर राहिली असती."

आचार्य मागच्या स्टुलावर बसले.

"मला म्हणाली, उद्यापासून वेळेवर येते काका. मी म्हटलं, हे रोजचंच आहे तुझं. तर हसली. आणि गेली आत."

"उठा," बायको दारातून म्हणाली. तिचे डोळे कोरडे झाले होते. "मी तुमच्या पाया पडले आणि तुम्ही हे केलंत. चालते व्हा माझ्या घरातून. जन्मात तोंड बघणार नाही तुमचं."

आचार्यांना तिचा आवाज ओळखीचा वाटला. बेचाळीस रविवार तो त्यांचाच होता. ते उठले नाहीत. त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"हसली म्हणजे कशी?" त्यांनी विचारलं. "तोंडावर हात ठेवून, की मोठ्यानं?"

"मोठ्यानं," टाइमकीपर म्हणाला. "मशिनवरच्या पोरींनी वळून पाहिलं."