चौथं मत

रूपालीचं तिकीट कापलं, ही बातमी मला पानटपरीवाल्यानं दिली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी अडीचला. सिडकोतल्या या गल्ल्यांमधून वीस वर्षं पक्षाच्या मतदार चिठ्ठ्या वाटणारा माणूस मी, सोमनाथ शेवाळे. मला एक फोन करायची तसदी कुणी घेतली नाही. पानटपरीवाल्याला मात्र आतली खबर होती. असा आमचा पक्ष.

रूपाली आमच्या मागच्याच गल्लीतली. जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, सगळा कारभार साहेबलोकांच्या हातात. त्या काळात ड्रेनेज तुंबलं की लोक रूपालीचं दार वाजवायचे. ती नाकाला ओढणी लावून गाडीवाल्याशेजारी उभी राहायची आणि चेंबर मोकळं होईपर्यंत हलायची नाही. आमच्या प्रभागातली ‘ब’ जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा मी मनातल्या मनात गुलाल उधळून मोकळा झालो होतो. पक्षानं इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या. तिला एकच प्रश्न विचारला, तुमचे मिस्टर काय करतात? तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. झाली मुलाखत.

तिकीट मिळालं तेजस्विनीला. तेजस्विनीचं कर्तृत्व एवढंच की ती भिकाशेठची सून आहे. भिकाशेठ मूळचे सिन्नरकडचे, इमारती बांधतात, आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत आमच्या पक्षाला शिव्या घालत होते. गळ्यात आमचा पंचा पडला आणि ते एकदम निष्ठावंत झाले. चौकात बॅनर लागले. त्यावर सुनेचा फोटो पासपोर्टएवढा आणि सासऱ्याचा दाराएवढा. प्रचारातही बोलायचे तेच. उमेदवार बाई दोन पावलं मागे, हात जोडून, आपण कुठल्या गल्लीत आलोय ते नवऱ्याला हळूच विचारत.

“आपलंच हाय की सगळं, सोमनाथभाऊ,” भिकाशेठ माझ्या ओट्यावर टेकून म्हणाले. “तुमच्यासारखी मानसं हायेत म्हनून तर पक्ष हाय.”

हा माणूस कालपर्यंत माझं नावही ओळखत नव्हता. मी ‘हो, हो’ म्हणालो. दारात आलेल्याला काय बोलणार?

दोनच दिवसांत रूपाली आली. गळ्यात तोच पंचा, हातात तेजस्विनीची पत्रकं.

“काका, नाराज नका होऊ,” ती म्हणाली. “मला शब्द दिलाय. स्वीकृतमध्ये घेणार आहेत.”

“कुणी दिला शब्द?”

“भिकाशेठनी.”

स्वीकृत म्हणजे लोकांनी निवडून न देता पक्षानं मागच्या दारानं आत घेतलेला नगरसेवक. अख्ख्या शहरात अशा मोजक्या जागा, आणि एकट्या आमच्या प्रभागात हा शब्द मिळालेले अकरा जण मला माहीत होते. रूपालीलाही ते माहीत असणार. मला तिची कीव नाही आली, संतापच आला. जिला निवडून आणायचं म्हणून मी सहा महिने घरोघर बोलत होतो, ती आता त्याच घरांमध्ये दुसरीचं नाव घेत फिरत होती. अशी माणसं स्वतःच मान खाली घालतात आणि मग तिकीट कापलं म्हणून रडतात.

राहिला प्रश्न माझ्या मताचा. समोरच्या पक्षाची बाई म्हणजे जुनी नगरसेविका, तिनं पाच वर्षांत नारळ फोडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. घरी बसलो असतो तर शेवाळे म्हातारा झाला, थंडीत उठवलं नाही, एवढंच लोक म्हणाले असते. आणि नोटा म्हणजे रुसायचं तेही बटण दाबून. आमच्याकडे प्रभागात चार जागा, म्हणून माणशी चार मतं. मी ठरवलं, बाकीची तीन पक्षाला द्यायची आणि ‘ब’ची जागा कोरी सोडायची. वीस वर्षांच्या कार्यकर्त्यानं जागा कोरी सोडली, हे पक्षाला झोंबलंच पाहिजे.

पंधरा दिवस मी टपरीवर हेच सांगत होतो. “तीन पक्षाला, चौथं माझ्या खिशात!” लोक हसायचे, पाठीवर थाप मारायचे. त्यांतल्या निम्म्यांनी भिकाशेठच्या मिसळ पार्टीत दोन-दोनदा तर्री मागून घेतली होती. त्यांच्याकडून मला शाबासकी नकोच होती. तरी बरं वाटायचं.

घरी सविता मेथी निवडत होती.

“खरंच नाही देणार तिला?” तिनं विचारलं.

“नाही म्हणजे नाही.”

“मग मीही नाही देत.”

मी हसलो. म्हटलं, “आधी यंत्र तरी समजून घे. चार-चार बटणं असतात.” माझ्या बायकोला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. तिच्यादेखत.

मतदानाच्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत गेलो. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, दोन्ही एकाच वर्गखोलीच्या दारात संपत होत्या. सविता दाराशी पोचली तेव्हा मी आत होतो. आत पक्षाचा प्रतिनिधी म्हणून नवनाथ यादी घेऊन बसला होता. पस्तिशीचा गडी, यादीवर खुणा कशा करायच्या ते मीच त्याला शिकवलेलं. आडोशाला गेलो. पांढऱ्या कागदावर आपलं चिन्ह दाबलं. गुलाबी, म्हणजे ‘ब’चा, सोडला. पिवळा दाबला, निळा दाबला आणि छाती काढून निघालो.

“काका, थांबा,” अधिकारी म्हणाला. “एक मत राहिलं तुमचं.”

चारही मतं पडल्याशिवाय यंत्र वाजत नाही. ही गोष्ट मी वीस वर्षांत किती म्हाताऱ्यांना समजावली असेल, त्याला गणती नाही. आवाज ऐकल्याशिवाय बाहेर येऊ नका आजी, असं दर वेळी. आणि नेमका मीच विसरलो होतो. नवनाथनं यादीतून डोकं वर काढलं. माझी टपरीवरची बडबड त्याच्या कानावर गेलेली होतीच. तो माझ्याकडे बघून गोड हसला.

“द्यायचं नसेल तर तसं सांगा,” अधिकारी म्हणाला. “नोंद करून घेतो.”

मला कुणी धमकी दिली नव्हती. नवनाथ माझं काही वाकडं करू शकत नव्हता. मुलगी लग्न होऊन मनमाडला, पेन्शन चालू, भिकाशेठकडे माझं काही काम नाही. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

“नाही, नाही, चुकून राहिलं,” मी म्हणालो आणि परत आडोशाला गेलो. नोटाचं बटण सगळ्यात खाली होतं. माझं बोट तेजस्विनीच्या नावासमोर गेलं आणि मी दाबलं. यंत्र लांबलचक वाजलं. नवनाथनं माझ्या नावापुढे खूण केली.

मी दाराबाहेर जाऊन थांबलो. आता सविता आत होती. ती आडोशातून बाहेर आली आणि चालायला लागली.

“मावशी, एक मत राहिलं.”

“राहिलं नाही,” सविता म्हणाली. “मला द्यायचंच नाहीये ते.”

नवनाथनं मान खाली घातली. अधिकाऱ्यानं वही पुढे केली, तिनं खुर्चीवर बसून, सावकाश, आडनावासकट सही केली. मग त्यानं आपल्याकडचं, मतदान संपवायचं बटण दाबून यंत्र पुढच्या माणसासाठी मोकळं केलं. ती बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई सुकावी म्हणून फुंकर घालत होती.

आम्ही फाटकापर्यंत आलो.

“माझी सही घेतली त्यांनी,” ती म्हणाली. “तुमची नाही घेतली?”

“घाईत राहिली असेल.”

तिनं माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रागावली आहे, रडली आहे, आठ-आठ दिवस अबोला धरला आहे. असं कधी बघितलं नव्हतं. कुणाकडे असं बघायचं असेल तर ते मी बघायचो.

रस्त्यापलीकडे पक्षाचं टेबल होतं. भिकाशेठ खुर्चीवर पाय पसरून बसले होते, रूपाली कागदी कपांतून सगळ्यांना चहा देत होती. मला बघून भिकाशेठनी हात वर केला.

“चल, चहा घेऊ कुठंतरी,” मी सविताला म्हणालो.

“तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “तुमची माणसं बोलावतायत.”

आणि ती घराकडे चालू लागली.