भरून ठेवा

आठ

काल निघताना मी फळ्यावर लिहिलं : पिशवी भरून ठेवा. म्हणजे भरा, आणि ठेवा.

वहिनींनी वाचलं : भरलेली ठेवा.

वहिनी आमच्या लॅबच्या तंत्रज्ञ. त्यांचा दीर पूर्वी इथे होता, त्याची हाक त्यांना चिकटली. साठीचे सरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात.

पिशवी म्हणजे बोटाएवढी पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना गाठ. तिच्यातून पाणी आत-बाहेर जातं, युरिया जातो, प्रथिन अडकून राहतं. दाट युरियात प्रथिनाची सगळी वळणं सुटतात, उसवलेल्या लोकरीसारखं ते पडून असतं. बाहेर भांड्यातल्या पाण्यात युरियाचं प्रमाण उतरवत न्यायचं. आठ, चार, दोन, शून्य. तसतसं ते वळतं, घडी घेतं. बिनसलं तर रेणू एकमेकांत गुंततात आणि पिशवीत नासलेल्या दुधासारखा चोथा.

माझं म्हणणं असं की हे प्रथिन एकटं वळत नाही. दोनवर आलं की आरएनएचा एक छोटा तुकडा शेजारी लागतो, त्याच्या अंगानं ते घडी घेतं. तीन वर्षं मी हेच म्हणते आहे. प्रथिन बनवणारे जंतू फ्रीझर बंद पडून मेले. उरलं होतं ते सगळं या एका पिशवीत. चार वाजता सर बघणार. नाही जमलं तर महिनाअखेरीस माझं टेबल दुसऱ्याचं.

चार

थंड खोली. पिशवीत थोडी जागा रिकामी ठेवायची असते, कारण युरिया बाहेर पडायच्या आत पाणी आत घुसतं. सकाळी नऊला ती फुगली होती. अकराला तट्ट.

किती भरली, विचारलं. गळ्यापर्यंत, वहिनी म्हणाल्या, थेंबभर हवा राहू दिली नाही. आवाजात जरा ऐट होती. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. ऐट उतरली.

दोन

पाणी बदललं. पिशवी आणखी फुगली. काचेच्या भांड्यात ती उभी राहिली, आपसूक, सुरीसारखी ताठ. आरएनए आत्ताच घालायचा. एरवी गाठीजवळ बारीक सुई टोचून घालतात.

"सुई लावलीस तर फुटेल," वहिनी म्हणाल्या.

"आणि नाही लावली तरी फुटेल."

"मग गाठ सोडू. मी मारलीये, मीच सोडते."

मी पिशवी भांड्यावर उभी धरली. चिमटा गाठीखाली. वहिनींची नखं गाठीत. गारठ्यानं बोटं आपली वाटेनात. गाठ ओली, घट्ट, मन लावून मारलेली. वहिनी स्वतःलाच पुटपुटत शिव्या देत होत्या, मारायची तर अशी मारायची का, भवाने. एक पदर सुटला. दुसरा सुटेना. चिमटा घसरला, मी धरला. एक थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि मी तो जाताना बघत राहिले.

सुटली.

आतलं अर्धं पाणी, प्रथिनासकट, दुसऱ्या पिशवीत ओतलं. मग पहिलीत आरएनए. होता तेवढा सगळा, एकीपुरताच होता. दुसरीही बांधून बुडवली. टाकवेना, म्हणून.

शून्य

तीन वाजून चाळीस मिनिटं. दोन्ही पिशव्या स्वच्छ, चोथा नाही. पण स्वच्छ असणं म्हणजे घडी बसणं नव्हे. त्याची परीक्षा सोपी आहे : एका रसायनाच्या रंगहीन पाण्यात घडी बसलेलं प्रथिन टाकलं तर ते पाणी पिवळं करतं.

पहिल्या पिशवीतला थेंब. वीस मोजले. पिवळं. मी वहिनींचा हात इतका दाबला की त्यांनी तो सोडवून घेतला.

मग दुसरीतला. हिला आरएनए मिळालाच नव्हता. काही होणार नाही हे बघायला टाकला.

वीस.

पिवळं. तेच पिवळं, एक छटाही कमी नाही.

मी आठवून बघितलं. आधी ओतलं, आरएनए नंतर. उलटं झालं असतं तर आरएनए दोन्हींत गेला असता. झालं नव्हतं. पुन्हा थेंब टाकला. पुन्हा पिवळं.

वहिनी नळाकडे बघत म्हणाल्या, "वहीत तर एकच पिशवी आहे."

मी प्रयोगाची वही उघडून बघितली.

"मी आपलं सांगितलं. चूक माझीच होती, ती दुसरी नसतीच ना झाली."

तीन बावन्न. दुसरीतलं बेसिनमध्ये ओतायला पाच सेकंद पुरली असती. मी ती उचलली, बेसिनपर्यंत नेलीही.

चार वाजता सरांच्या टेबलावर पिवळ्या पाण्याच्या दोन काचेच्या नळ्या ठेवल्या. कुठल्यात काय ते सांगितलं. त्यांनी दोन्ही खिडकीकडे धरल्या, बराच वेळ.

"म्हणजे ते आपलं आपणच वळत होतं."

"हो."

"आणि आपण तीन वर्षं शेजारी सुईण बसवून ठेवली होती." ते हसले नाहीत. दुसरी नळी त्यांनी माझ्या बाजूला सरकवली. "हिच्यावर काही लिहिलेलं नाही. लिही. टेबल महिनाअखेरपर्यंत तुझं आहे, तोवर हे सगळं कागदावर आण."

पेनाचं टोपण दातांनी काढावं लागलं. बोटं अजून गार होती. आरएनएशिवाय, मी लिहिलं.