कच्च्या टाक्यांचे स्पीकर

“ठेवू कुठे हे?” गाण्याच्या बाईंनी दारातूनच विचारलं. रडून दमलेलं मूल कडेवर घ्यावं तसा त्यांनी एक स्पीकर धरला होता. दुसरा मागे गाडीत बसला होता, एकटाच, भलत्याच ऐटीत.

भोंगेकाकांनी हातातला रंधा खाली ठेवला. त्यांना ‘भोंगे’ म्हटलेलं मुळीच खपत नसे. भोंगा ओरडतो, माझा स्पीकर बोलतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं की ठेवलं. खरं नाव आता काकूंनाही आठवून सांगावं लागे.

“काय झालं बाई? मांजरीने नखं मारली की काय?”

“मांजर केव्हाच पळून गेली,” बाई म्हणाल्या. “अहो, माझ्या मुली गातात गोड. पण तुमच्या स्पीकरच्या पेटीतून त्यांचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा अंगावर येतो. पोरी कान धरून बसतात.”

“खोली मोकळी असेल. पडदे लावा.”

“लावले.”

“खाली सतरंजी?”

“घातली. आता काय, भिंतींना स्वेटर विणू?”

पलीकडून फिस्सकन हसू आलं. ते काकूंचं. एकच लांबट खोली दोघांनी वाटून घेतली होती. रस्त्याकडच्या उजेडात काकूंचं शिवणयंत्र, मागच्या अर्ध्यात काकांचा स्पीकरचा कारखाना. मध्ये कापडाचं कपाट उभं होतं, पण काकूंच्या गिऱ्हाइकांच्या खिशात भुसा सापडायचा आणि काकांच्या पेट्यांत रंगीत दोरे, ते काही थांबलं नव्हतं.

“मला पैसे परत नकोत,” जाताना बाई म्हणाल्या. “मला आवाज हवाय.”

काकांना हे जास्त लागलं. या मोसमात परत आलेली ही तिसरी जोडी. आधीच्या दोघांना काकांनी ‘कान नाहीत’ म्हणून वाटेला लावलं होतं. पण बाईंना कान नाहीत असं कोण म्हणणार? आणि निम्मी गिऱ्हाइकं तर त्यांच्याच शब्दावर येत. बाईंनी पाठ फिरवली, तर कारखान्याला कुलूप लावायचं तेवढं बाकी.

आता काकांची पद्धत सांगायला हवी. पेटी ठोकून झाली, खाली जाड आवाजाचा मोठा वूफर आणि वर बारीक आवाजाचा चिमुकला ट्वीटर बसला, की शेवटचं काम ते एकट्याने करत. ट्वीटरच्या तारेत खडूच्या तुकड्याएवढा पांढरा रेझिस्टर घालायचा. तो बारीक आवाजाचा लगाम. कुठला घालायचा ते काका डोळे मिटून, गाणं ऐकून ठरवत. त्या वेळी खोलीत शिंकायचीसुद्धा बंदी. मग मागची फळी सरस लावून कायमची बंद! पुन्हा उघडायची तर फोडायचीच. “माझ्यामागे कुणाची ढवळाढवळ नको,” हे त्यांचं म्हणणं.

दुपारी लेक शाळेतून आली तेव्हा काकांनी बाईंची जोडी लावली होती आणि ते तल्लीन होऊन ऐकत होते.

“बघ, कसा मखमली लागलाय!”

“बाबा, हे मखमली? हे तर खरवडतंय!”

“तुझे कान कोवळे आहेत गं.”

“आणि आईचे?”

“तिचे गेले त्या यंत्राच्या खडखडाटात.”

यंत्र थांबलं. काकूंचं यंत्र मध्येच थांबलं की घरात काहीतरी होणार, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

“माझे गेले?” कपाटाआडून काकू अवतरल्या. “वर्षभर सांगतेय हे किंचाळतंय म्हणून. घे गं तुझा तो फोन. होऊ दे एकदाचं.”

लेकीच्या फोनवर शाळेत कुणीतरी दिलेला एक खेळ होता. त्यातून एक शिट्टी निघायची आणि बारीक बारीक होत वर चढायची. काका खुर्चीत ताठ बसले. परीक्षा म्हटलं की पहिला नंबर काढायचा, अशा थाटात.

“येतंय?”

“स्वच्छ.”

“आता?”

“येतंय की.”

“आता?”

काका थोडं पुढे झुकले. मग वैतागून म्हणाले, “अगं, बंद का केलंस मध्येच?”

त्यांनी वर पाहिलं. लेक कानात बोटं घालून उभी होती. काकूंनी तर दोन्ही कानांवर तळहात गच्च दाबले होते आणि डोळे मिटून घेतले होते. फोन टेबलावर तसाच चालू होता. खोलीत, काकांच्या मते, अगदी शांतता होती.

त्यांनी हात लांब करून फोन स्वतःच बंद केला.

“म्हणजे मला कमी यायला लागलं,” ते हळू म्हणाले, “आणि मी पेटीतला बारीक आवाज वाढवत गेलो.”

“बाबा, बारीक तेवढंच जातं. वयाने सगळ्यांचंच जातं.”

“सगळे स्पीकर बनवत नाहीत.” ते उठले, रंधा पुसला, पटाशी पुसली, एकेक हत्यार पेटीत ठेवायला लागले. “बंद करतो. आंधळ्याने रंग विकू नयेत.”

“झालं नाटक?” काकू म्हणाल्या. आवाज मात्र मऊ होता. त्या कपाटापलीकडे गेल्या आणि अर्धवट शिवलेला एक कोट घेऊन आल्या, पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घातलेला. “हा कुणाचा आहे?”

“त्या ढेरपोट्या टपालवाल्याचा.”

“मला बसतो का तो?”

“तू दोनदा मावशील त्यात.”

“मग मी शिवते कशी? आधी कच्चे टाके घालते. त्याच्या अंगावर चढवते. तो म्हणतो इथे काचतंय, तिथे सैल आहे. मग पक्की शिलाई. तुम्ही आयुष्यभर स्वतःच्या मापाचे कोट शिवलेत आणि गावाला घातलेत. इतके दिवस माप जुळत होतं, हे नशीब म्हणा!”

काकांनी कोट हातात घेतला. एक कच्चा टाका नखाने उचलून बघितला. मग एकदम म्हणाले, “पटाशी दे.”

बाईंच्या स्पीकरच्या पाठी फोडताना त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू दात उपटून घेतायत. पण आठवडाभरात नव्या पाठी तयार झाल्या. सरस नाही, चार स्क्रू. वर एक छोटी खिडकी आणि आत दोन चाप, रेझिस्टर नुसता अडकवता येईल असे.

“मग आता दुकानात काय मांडायचं?” लेकीने विचारलं.

“अर्धवट पेट्या,” काका म्हणाले. आता त्यांना जरा मजा यायला लागली होती. “पुरी करायची ती गिऱ्हाइकाच्या घरी. त्यांची भिंत, त्यांची सतरंजी, त्यांचे कान. चाप लावला की विकली.”

“आणि लोक म्हणाले, भोंगेकाका कामं अर्धी टाकतात, तर?”

“आधी भोंगे म्हणणं थांबवा म्हणावं!”

बाईंच्या घरी गेले तेव्हा शिकवणी चालू होती. काकांनी स्पीकर मांडले आणि बाईंच्या आवडीचं एक गाणं लावलं. रेझिस्टरांचा डबा मांडीवर घेऊन ते कधी नव्हे ते स्पीकरकडे पाठ करून बसले. तोंड बाईंकडे आणि मुलींकडे.

पहिला तुकडा चापात गेला. पुढच्या रांगेतल्या मुलीची भुवई उडाली. “टोचलं,” काका म्हणाले आणि बदलला. दुसऱ्याला सगळ्या जणी जांभई आल्यासारख्या झाल्या. “झोपवलं.” मुली खुदखुदायला लागल्या. तिसऱ्याला बाईंचे खांदे खाली आले.

“हाच,” बाई म्हणाल्या. “हाच ठेवा. हलवू नका.”

“आमच्या घरी कधी येता?” दारात थांबलेल्या एका आईने विचारलं.

“येतो की. घरातली सगळी माणसं हजर ठेवा. मांजरसुद्धा.”

“पण तुम्हाला कसं वाटतंय?” बाईंनी विचारलं.

“मला?” काका हसले. “चांगला दिसतोय.”

गाणं शेवटाकडे आलं. या गाण्याच्या शेवटी बारीक घुंगरांची एक लड आहे, विरत विरत जाणारी. काकांना ती पूर्वीपासून पाठ होती. बाईंनी हात किंचित उचलून धरला. मुली श्वास रोखून बसल्या. काकांसाठी खोली केव्हाच गप्प झाली होती, तरी स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून, न हलता, ते त्या सगळ्यांकडे बघत राहिले. मग बाईंचा हात खाली आला, चेहऱ्यांवरून काहीतरी सुटलं, आणि काकांना कळलं की गाणं संपलं.

त्यांनी स्पीकरच्या पाठीचा पहिला स्क्रू उचलला.