सहाणेवरचा गेरू

मित्रांनो, मी जातीने दगड आणि पेशाने सहाण. वयाने या घरातल्या प्रत्येकाहून मोठी. म्हैसूरच्या जुन्या फौजेत चाकरीला आलेल्या एका मराठी शिपायाने, या घराच्या मूळपुरुषाने, मला पाथरवटाकडून घडवून घेतले. देवाच्या गंधासाठी चंदन उगाळणे एवढेच माझे काम. चंदन स्वच्छ असते, थंड असते आणि कुणाला बरे करण्याचा दावा करत नाही. ते दिवस चांगले होते.

पुढे माझ्यावर गेरू आला. अंगाच्या एका बाजूला पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो, आत आग पेटल्यासारखी जळजळ होते. त्याला मराठीत नागीण म्हणतात, इथे कन्नडात सर्पसुत्तु. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत. म्हणून या घरच्या सुना माझ्यावर गेरू उगाळत, फोडांवर लेप देत आणि अंगाच्या मध्यावर गेरूची रेषा ओढून नागिणीची वाट अडवत. नागीण रेषेशी थांबे. सुनांच्या हातगुणाची कीर्ती पार हुणसूर गावापर्यंत गेली आणि लोक मला हळदकुंकू वाहू लागले.

मला या कीर्तीची किळस आहे, आणि ती मोघम नाही. लेप देणारे बोट फोडावर टेके आणि तेच बोट पुन्हा माझ्यावर येई. फुटलेल्या फोडातले पिवळट पाणी, खपल्यांचा चुरा, मंत्र पुटपुटताना उडालेली थुंकी असे सारे गेरूत कालवले जाई आणि पुढच्या माणसाच्या सोललेल्या कातडीवर चोपडले जाई. तीन-चार आठवड्यांत जे आपोआप सुकणार होते, ते सुकले की श्रेय मला मिळे. ज्यांच्या कळा पुढे वर्षभर थांबल्या नाहीत, ते परत आलेच नाहीत. म्हणून त्यांची आठवण कुणी ठेवली नाही.

आता हे कुटुंब म्हैसूरच्या कुवेंपुनगरात राहते. घरची सून जयलक्ष्मी साठी ओलांडलेली. तिचे यजमान रणोजीराव शिसवी लाकडात कणीएवढे रंगीत तुकडे बसवून चित्रे जडवणारे कारागीर. गेल्या वर्षी त्यांच्याच कपाळावर, डाव्या बाजूला, नागीण उठली. जयलक्ष्मीने मला धुतलेसुद्धा नाही. गेरू उगाळून तिने केसांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत उभी रेषा ओढली.

“री, अहो, हलू नका. रेषा वाकडी गेली तर पलीकडे उतरेल.”

“माझं कपाळ म्हणजे काय बन्नीमंटपचं कवायतीचं मैदान? किती आखशील?”

“सुम्ने, गप्प बसा हो!”

दुसऱ्या दिवशी शेजारची कांचन आली. साताऱ्याहून इथे आलेली ही बाई महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने रणोजीरावांचा चेहरा पाहिला आणि ती बसलीच नाही.

“काकू, नाकाच्या शेंड्यावर फोड आलाय. जी शीर तिथे जाते, तीच डोळ्यातही जाते. गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला.”

“अय्यो, डॉक्टर बेडा, नको गं! सुई टोचली की नाग कोपतो. माझ्या सासूबाईंनी शंभर माणसं बरी केलीत.”

“ती लेपाशिवायही बरी झाली असती.”

“तू पुस्तकं शिकव. माणसं मी बघते.”

कांचनने रणोजीरावांना विचारले. “काका, तुम्ही तरी सांगा. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? तोच विषाणू आहे हा. तेव्हा फोड गेले, पण तो शिरेच्या मुळाशी झोपून राहिला. वय वाढलं, अंगातला पहारा ढिला पडला, आणि तो उठला. यात नाग कुठेच नाही.”

झाल्या होत्या. सात वर्षांच्या रणोजीसाठी त्याच्या आईने माझ्यावरच हळद उगाळली होती. पण रणोजीरावांनी कांचनकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि कपाळ लेपासाठी पुढे केले. घरातली शांतता त्यांना डोळ्याहून मोलाची वाटली.

पाचव्या दिवशी जयलक्ष्मीने त्यांच्यासमोर आरसा धरला. एकही फोड रेषेपलीकडे गेला नव्हता. “नोडा, बघा! अडली की नाही?”

अडली होती, कारण ती अडणारच होती. ती शीर चेहऱ्याच्या एकाच बाजूला पसरते आणि सहसा फोडही तेवढ्याच हद्दीत राहतात, रेषा गेरूची असो, खडूची असो वा नसो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हातगुण म्हटले, ते एवढेच होते.

“लक्ष्मी,” रणोजीराव म्हणाले, “रेषेच्या अलीकडे काय चाललंय ते बघ. तुझा चेहरा धुक्यात गेलाय.”

गेरूच्या पापुद्र्याखाली पापणी सुजून चिकटली होती. तिने ती ओल्या कापडाने सोडवली. आतला डोळा लाल होता आणि बुबुळावर दुधाळ पडदा होता. त्या दिवशी ऑटो बोलावला गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थेंब दिले, महिनाभर खटपट केली. व्रण राहिला. आज रणोजीरावांच्या डाव्या डोळ्याला दिव्याचा उजेड कळतो, लाकडाची कणी कळत नाही. ते तुकडा खाचेत ठेवायला जातात आणि तो खाचेशेजारी पडतो. जयलक्ष्मी तो उचलून त्यांच्या हातात देते.

गेल्या महिन्यात हुणसूरहून नागरत्ना नावाची बाई नवऱ्याला घेऊन दारात आली.

“जयक्का, ह्यांना कमरेवर सर्पसुत्तु उठलंय. तुमच्या हातचा लेप पाहिजे.”

जयलक्ष्मी उंबऱ्यातच थांबली. “कधी उठलं?”

“काल सकाळी.”

“मग वेळ आहे. लेप मिळायचा नाही, नागरत्ना. ह्याच हाताने मी आमच्या ह्यांचा डोळा घालवला.” आतल्या खोलीतले रणोजीरावांचे ठोकणे थांबले. जयलक्ष्मीने चपला पायांत सरकवल्या. “चला दवाखान्यात. मीपण येते.”

मित्रांनो, एका दगडाचे मागणे ऐका. लहानांना कांजिण्यांची लस द्या. घरात पन्नाशी ओलांडलेले कुणी असेल, तर नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. फोड उठलेच तर ते झाकून ठेवा, कारण त्यातले पाणी कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या देऊ शकते. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लशीला हळदकुंकू वाहू नका. तिच्यावर श्रद्धाही ठेवू नका. ती वेळेवर घेतली, की पुरे.