पलंग कोणत्या मतदारसंघात?

नव्या हद्दीनं आमच्या घराचे दोन तुकडे केले. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर उत्तर मतदारसंघात गेलं, झोपायची खोली दक्षिणेत. हद्द आखणाऱ्यांनी ती जुन्या कालव्यावरून नेली होती. कालवा बुजवून त्यावर आमचं घर उभं राहिल्याला जमाना झाला, पण नकाशात तो अजून वाहतो, आणि नकाशापुढे कुणाचं काही चालत नाही.

काकांना लढायचं होतं दक्षिणेतून. नियम असा की, हद्द घरातूनच गेली असेल तर उमेदवार ज्या खोलीत झोपतो तिथला. विरोधी उमेदवाराच्या वकिलानं छाननीत हरकत घेतली, "हे गृहस्थ सोफ्यावर झोपतात, आणि सोफा उत्तरेत आहे."

पंचाईत अशी की वकील अगदीच खोटं बोलत नव्हता. मागच्या पराभवानंतर काका झोपेत भाषणं द्यायला लागले. काकूनं पहिली सभा सहन केली, दुसऱ्या सभेत त्यांना उशीसकट बाहेर काढलं. नवी हद्द जाहीर झाल्यावर काकांनी विनवण्या करून पलंगावर पुन्हा जागा मिळवली होती, पण ही घरवापसी शेजाऱ्यांच्या कानांवर अजून गेली नव्हती.

चौकशीसाठी अधिकारी घरी आले, सोबत वकील. काकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. मी त्यांची पुतणी, दुसरं कुणी तयार झालं नव्हतं. पाच वाजता कार्यालय बंद व्हायच्या आत साहेबांनी निकाल द्यायचा होता, नाहीतर अर्ज बाद.

साहेबांनी पलंगाकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, मग काकूकडे. "ताई, तुम्हीच सांगा. हे कुठे झोपतात?"

"मला नका विचारू," काकू म्हणाली. "निवडणूक हरले की हा माणूस महिनाभर दुकानात दिवा न लावता बसतो. चष्म्याचं दुकान आहे हो, अंधारात गिऱ्हाईक काय चाचपून चष्मा घेणार? अर्ज बाद झाला तर मी जेवायला गोड करीन."

काका तिच्याकडे वळले. "अगं, या वेळी आपली गल्ली आहे मतदारसंघात."

मुद्दा तोच होता. काका जेव्हा जेव्हा लढले, तेव्हा तेव्हा हद्द आमच्या गल्लीला वळसा घालून गेली होती. त्यांना ओळखणारी माणसं नेहमी पलीकडे, आणि अलीकडच्यांना वाटायचं, हा कोण चष्मेवाला. यंदा पहिल्यांदा गल्ली दक्षिणेत आली, तर घरच चिरलं.

साहेबांनी बराच विचार केला. "सवयीच्या जागी माणसाला झोप लागते. परक्या पलंगावर लागत नाही. झोपून दाखवा."

"आत्ता?" काकांनी विचारलं.

"पाचच्या आत."

काका पलंगावर आडवे झाले. आम्ही भिंतीशी खुर्च्या मांडून बसलो, दवाखान्यात बसतात तसे. काकांनी डोळे मिटले. पापण्या फडफडत होत्या. वकिलानं घसा खाकरला. जरा वेळानं पुन्हा खाकरला.

"तुम्हाला खोकला झालाय का?" मी विचारलं.

"सवय आहे."

"मग तुमची सवय उत्तरेत जाऊन करा."

घड्याळाचा काटा माझ्या छातीवरून फिरत असल्यासारखा वाटत होता. काका कुशीवर वळले, पालथे झाले, परत उताणे. कपाळावर घाम. शेवटी मी माझ्या माहितीतली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट सुरू केली: आमच्या मतदारसंघाचा इतिहास.

"सुरुवातीला हा मतदारसंघ नदीपासून टेकडीपर्यंत होता," मी संथ आवाजात म्हणाले. "पहिली निवडणूक बिनविरोध झाली, कारण दुसरा उमेदवार अर्ज भरायला निघाला आणि वाटेत चुकला. मतदारसंघच तेवढा मोठा होता."

साहेबांची मान कलंडली.

"मग त्याचे दोन भाग झाले. पुलाच्या पलीकडचा–"

"अलीकडचा," काका डोळे मिटूनच म्हणाले. "पूल तेव्हा दक्षिणेत होता."

मी हबकले. ज्या गोष्टीनं साहेब पेंगत होते, त्याच गोष्टीनं काका जागे होत होते. पण आता ते स्वतःच बोलायला लागले. पहिल्यांदा शाळेच्या मुख्याध्यापकाकडून कसे हरले. दुसऱ्यांदा मतदानाच्या आधीच वारलेल्या उमेदवाराकडून कसे हरले, आणि त्याच्या शोकसभेत यांनाच कसं बोलायला लावलं. अर्ध्या मतदारसंघाला चष्मे दिले, तरी मतपत्रिकेवर यांचं चिन्ह कुणाला दिसलं नाही. गल्ली कधी गेली, कुठल्या वळणावरून गेली, सगळं सांगितलं. आवाज उतरत गेला. इतकं सलग त्यांना कुणी बोलूच दिलं नव्हतं. काकू दाराशी उभी राहून ऐकत होती.

एका वाक्याच्या मध्येच काका थांबले. मग घोरले.

मी साहेबांना हळूच हलवलं. त्यांनी डोळे उघडले आणि पेन काढलं.

"सोंग आहे!" वकील उसळला. "साहेब, हे शुद्ध सोंग आहे."

साहेब थबकले. "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही," ते म्हणाले. ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती, पण कायद्याचं कलम म्हणून पहिल्यांदाच. "उठवून बघू. उठले तर झोपले होते."

वकिलाला ते फारच पटलं.

साहेबांनी हाक मारली. काका घोरत राहिले. मी खांदा हलवला, कानाशी ओरडले, पायाला गुदगुल्या केल्या. काका ढिम्म. किती वर्षांची झोप होती कोण जाणे.

"बघा," वकील म्हणाला. "सोंगाला कसली जाग येते!"

पाच वाजायला थोडाच अवकाश होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर 'अपात्र' मधला 'अ' लिहिला.

मी काकूकडे वळले. काकांना रोज सकाळी तीच उठवते. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ते उठत नाहीत हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. पुढचा महिनाभर दुकानात दिवा लागला असता, घरात शांतता असती, जेवायला गोडही झालं असतं.

काकू काकांच्या तोंडाकडे पाहत होती. तोंड उघडं होतं, कपाळावर एकही आठी नव्हती.

"साहेब, जरा थांबा," ती म्हणाली.

ती पलंगाशी गेली. पदरानं काकांच्या कपाळावरचा घाम टिपला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, उठा. हरायला उशीर होतोय."

काका ताडकन उठून बसले आणि चष्मा शोधायला लागले.